कौल आणि कीर्द : टॅरोच्या रोजनिशीचा एक ताळा

१

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी सत्तावीस वर्षं हिशेब लिहिले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतर माझं शिक्षण थांबलं. पुढचं जे काही आलं ते दुकानातल्या दिवाणजींकडून आणि नगरवाचनालयाच्या कपाटांतून. दिवाणजींनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावली होती : कीर्दीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ती आहे तशी राहू द्यायची, आणि ज्या दिवशी लक्षात येईल त्या दिवसाच्या तारखेला उलट नोंद टाकून ती फिरवायची. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढताना ते जुन्या वह्याही शेजारी मांडायला लावत. चुकांसकट.

हा लेख एका वेगळ्या प्रकारच्या वहीबद्दल आहे. तीन वर्षांपूर्वी माझी भाची पुण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत टॅरोच्या पत्त्यांचा कॅट होता आणि एक जाडजूड वही होती. ती ज्योतिष सांगत नाही, कुणाकडून पैसे घेत नाही. रोज सकाळी एक प्रश्न मनात धरते, पत्ते पिसून एक पत्ता काढते आणि लिहिते. मी हसले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हसू नकोस. पत्ता काढ, पण पुस्तक उघडू नकोस. आधी तुला काय दिसतं ते लिही. मग अर्थ बघ."

याला टॅरोची रोजनिशी म्हणतात. तिची रीत जवळपास ठरलेली आहे. तारीख, प्रश्न, पत्त्याचं नाव, चित्रात दिसलेलं, मनात आलेलं, पुस्तकातला अर्थ, आणि काही दिवसांनी मागे वळून केलेली नोंद. असं लिहीत राहिलं की माणसाची अंतःप्रेरणा तल्लख होते आणि त्याला स्वतःची ओळख पटत जाते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीकडे आदराने पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला या दाव्याचा संशय येणं साहजिक आहे. पण संशय आला म्हणून वाचायचं थांबायचं नसतं. मी भाचीकडून जुना कॅट घेतला, वही घेतली आणि या विषयावरची महत्त्वाची पुस्तकं वाचायला लागले. माझा प्रश्न हिशेबनीसाचा होता : या वहीत जे ज्ञान जमा होतं, ते कुठल्या खात्यातून येतं? पत्त्यातून, की लिहिण्यातून?

२

टॅरोवरच्या मराठीत माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक मजकुरात ही विद्या प्राचीन इजिप्तची असल्याचं सांगितलेलं असतं. हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे कळणं आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचं आहे.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. उत्तर इटलीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो सुरू झाला. १४४० च्या सुमाराच्या कागदपत्रांत त्याचे उल्लेख सापडतात. नेहमीच्या चार रंगांच्या पानांना जास्तीच्या चित्रांची जोड दिली, आणि ती चित्रं हुकमाची पानं झाली. एकूण ७८ पत्ते : चार रंगांचे प्रत्येकी चौदा म्हणजे ५६, आणि २२ मोठे पत्ते, ज्यांत 'मूर्ख' नावाचा एक वेगळा पत्ता धरलेला आहे. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले सोनेरी पत्ते आजही शिल्लक आहेत. त्यातले काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत, काही बेर्गामोच्या काररारा अकादमीत. दरबारी मंडळी त्यांच्याशी डाव मांडत.

इजिप्तची कथा आली ती १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केलं, की हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा लपवून ठेवलेला ग्रंथ आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जेबलँच्या विधानाला तपासणारं कुणी नव्हतं. पाठोपाठ एतेला हे नाव घेतलेल्या पॅरिसच्या एका गृहस्थाने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापली आणि खास त्यासाठीचा कॅटही काढला. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली 'द गेम ऑफ टॅरो' हा भलामोठा ग्रंथ लिहून हा सगळा हिशेब नीट मांडला. युक्तिवादाच्या शिस्तीसाठी नावाजलेल्या माणसाने पत्त्यांच्या डावांवर इतकी मेहनत घ्यावी, याचं आधी नवल वाटलं. ग्रंथ चाळल्यावर वाटलं नाही. एका खेळावर चढलेली खोटी प्राचीनता उतरवायची, तर खेळाचे नियमच नीट मांडावे लागतात.

यातून वही निकामी ठरते का? मला तसं वाटत नाही. पत्त्याचा अर्थ हजारो वर्षांपूर्वी कुणी पुरून ठेवलेला असता, तर वाचणाऱ्याचं काम तो उकरण्यापुरतं राहिलं असतं. पण अर्थ माणसांनी दिलेला आहे, तोही गेल्या अडीचशे वर्षांत, आणि वेळोवेळी बदलत. म्हणजे वहीत लिहिणारी व्यक्तीसुद्धा अर्थ देणाऱ्यांपैकी एक ठरते. मग तिची जबाबदारीही वाढते.

३

वहीची खरी जन्मतारीख माझ्या मते १९०९ आहे, आणि तिचं श्रेय जिला मिळायला हवं तिचं नाव कितीतरी वर्षं कॅटच्या खोक्यावर नव्हतं.

त्या वर्षी लंडनच्या रायडर प्रकाशनाने एक नवा कॅट काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. गूढविद्येवर विपुल लिहिणारे हे गृहस्थ 'गोल्डन डॉन' या मंडळात होते; कवी येट्सही त्याच मंडळातले. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ हिने. ती १८७८ साली लंडनला जन्मली, बालपणाचा काही काळ जमैकात गेला, चित्रकला शिकली ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत, आणि मग लंडनच्या नाटकमंडळींत वावरली. त्या नोव्हेंबरात तिने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला लिहिलेल्या पत्रात, फार मोठं काम फार थोड्या पैशांत केल्याचा उल्लेख आहे. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा तिच्यावर कर्ज होतं. कॅट मात्र 'रायडर-वेट' या नावाने जगभर गेला : प्रकाशकाचं नाव, विद्वानाचं नाव. चित्रकर्तीची खूण म्हणून पत्त्यांवरच्या कोपऱ्यात एक वेटोळी सही तेवढी राहिली.

तिने नेमकं काय केलं? तिच्या आधीच्या बहुतेक कॅटांत छोट्या पत्त्यांपैकी अंकांच्या पानांवर केवळ मोजदाद असे. पेल्यांचा पंजा म्हणजे पाच पेले, तलवारींचा अठ्ठा म्हणजे आठ तलवारी. सोला-बुस्का नावाचा पंधराव्या शतकातला एक इटालियन कॅट हा ठळक अपवाद. त्याची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये मांडली होती, आणि स्मिथच्या तलवारींच्या तिरीत त्याची छाया स्पष्ट दिसते : एक हृदय आणि त्यात आरपार तीन तलवारी. तिने मात्र हा अपवाद नियम केला. अंकांच्या पानांवरही तिने रंगमंचावरच्यासारखे प्रसंग उभे केले. पेल्यांच्या पंज्यात काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती खाली मान घालून उभी आहे. पुढे तीन पेले लवंडलेले, मागे दोन उभे. पलीकडे नदी, पूल आणि एक गढी. मागचे दोन पेले तिला दिसत नाहीत. आपल्याला दिसतात.

हा फरक मला कळला तो सावंतवाडीमुळे. माझं आजोळ मालवणजवळचं. लहानपणी सुट्टीत एकदा मामांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात नेलं होतं, आणि तिथे मी गंजिफा पाहिली. गोल, लाखेने चकाकणारे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पानं. सत्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे यांनी ही कला मरता मरता वाचवली नसती, तर आज ते पत्ते आपल्याला जुन्या संग्रहांतच बघावे लागले असते. गंजिफेचा राजा आणि प्रधान कितीही देखणे असले, तरी खालच्या पानांवर अवताराची खूण मोजायची असते : पाच मासे, सात कासवं. खेळायला ते पुरेसं आहे. पण सात कासवांकडे बघून माणूस स्वतःबद्दल पानभर लिहू शकत नाही. पाठमोऱ्या माणसाकडे बघून लिहू शकतो.

चित्रांच्या या शक्तीचा सर्वांत चांगला साहित्यिक पुरावा इतालो काल्व्हिनोने दिला. त्याच्या 'द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज' या १९७३ च्या पुस्तकात अरण्य ओलांडून आलेले प्रवासी एका गढीत जमतात, आणि सगळ्यांची वाचा गेलेली असते. मग जो तो टॅरोचे पत्ते मांडून आपली कहाणी सांगतो. एकाने मांडलेल्या ओळीला दुसरा आपली ओळ आडवी जोडतो, आणि तोच पत्ता दोन कहाण्यांत दोन वेगळी कामं करतो. पत्ता काही सांगत नाही. सांगणाऱ्याला उभं राहायला जागा देतो, एवढंच काल्व्हिनो दाखवतो. वही लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावं, असं मी सुचवेन. त्याचा धोकाही त्यातच आहे : ज्या चित्रात कुठलीही कहाणी बसते, त्यात आपल्याला हवी ती कहाणी तर सहजच बसेल.

४

चित्रं आली, तरी वही लगेच आली नाही. वेट यांनी कॅटबरोबर लिहिलेलं पुस्तक अर्थांची यादी देतं, आणि ती यादी आज वाचताना गंमत वाटते. पेल्यांच्या पंज्यासाठी तिथे नुकसान आहे, पण काही उरल्याचंही आहे. वारसा आहे, पण अपेक्षेपेक्षा कमी. काहींच्या मते विवाह, पण कडवटपणा असलेला. प्रत्येक अर्थाला एक 'पण' जोडलेला. ज्याला जे लागेल ते त्याने उचलावं, अशी ही मांडणी.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. रेचल पोलॅक यांच्या 'सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम'चे दोन भाग १९८० आणि १९८३ मध्ये आले. त्यांनी प्रत्येक पत्त्यावर एखाद्या कवितेवर लिहावं तसं लिहिलं. पुराणकथा, मानसशास्त्र आणि चित्रातला बारकावा यांची त्यांनी घातलेली सांगड अनेक ठिकाणी खरोखर समीक्षेच्या तोडीची आहे. पुढे काय होणार याऐवजी आत्ता काय चाललं आहे, या प्रश्नाकडे त्यांनी टॅरोला वळवलं. आणि १९८४ मध्ये मेरी के. ग्रीअर यांचं 'टॅरो फॉर युअरसेल्फ' आलं. त्याच्या उपशीर्षकातच ते कार्यपुस्तक असल्याचं म्हटलं आहे. त्यात वाचकाने स्वतः लिहायचं असतं. पत्त्याशी संवाद लिहायचा, पत्त्यावरच्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पायचं, आपल्या वाचनांची नोंद ठेवायची. दुसऱ्याने आपलं भविष्य सांगायचं, ही रीत मोडून माणसाने स्वतःच स्वतःचं वाचन करावं असं ग्रीअर सांगतात. सांगणाऱ्याच्या समोर हात पसरून बसलेल्या बाईला त्यांनी पेन दिलं. हे काम लहान नाही. बुवाबाजीला लागणारं पहिलं भांडवल म्हणजे 'मला कळत नाही, त्यांना कळतं' ही भावना, आणि या पुस्तकाने तिलाच हात घातला.

पण माझा आक्षेप इथेच सुरू होतो. ग्रीअर यांच्या पुस्तकातला भर बदलण्यावर आणि बळ देण्यावर आहे : कठीण पत्त्यातूनही स्वतःला उभारी देणारं वाक्य तयार करावं, हा त्याचा कल. आपण काय चुकीचं वाचलं, किती वेळा, आणि कोणत्या बाबतीत नेहमी चुकतो, याची खतावणी मांडण्यावर त्यात भर नाही. कीर्द आहे, ताळा नाही. त्यानंतर या विषयावर जे लिहिलं गेलं, त्यापैकी माझ्या वाचनात आलेल्या मजकुरातही ही उणीव तशीच उतरली आहे. वही सजवायची कशी, शाई कुठली, पौर्णिमेला काय लिहायचं, हे सगळं असतं. 'मला आतून वाटलं होतं ते खोटं निघालं' असं लिहायला रकाना नसतो.

५

हा रकाना का हवा, याची उत्तरं मानसशास्त्रात आहेत. त्यातली तीन मला कामाची वाटली.

बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि ते ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून घेतलेलं होतं. १९४९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. पत्त्याचा अर्थ 'अगदी मलाच लागू पडतो' असं वाटतं, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

दुसरा प्रयोग बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांचा. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते. या भेटींत काय काय होण्याची किती शक्यता आहे, याचे अंदाज त्यांनी आधीच लोकांकडून लिहून घेतले. भेटी झाल्यावर त्याच लोकांना विचारलं : तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता? जे घडलं होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिल्याचं अनेकांना 'आठवलं'. 'मला वाटलंच होतं' हे वाक्य आपण खोटं बोलावं म्हणून बोलत नाही. आठवणच तसा हिशेब फिरवते, तोही रबराची खूण न ठेवता.

तिसरं उत्तर आशादायक आहे. डॅनिएल कानेमन अंतःप्रेरणेबद्दल साशंक, तर गॅरी क्लाइन अग्निशमन दलासारख्या लोकांच्या अंतःप्रेरणेचे अभ्यासक आणि पुरस्कर्ते. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं एकमत असं झालं, की आतल्या आवाजावर विश्वास ठेवायला दोन अटी आहेत. ज्या क्षेत्राबद्दल तो बोलतो त्यात काही नियमितपणा हवा, आणि आपण बरोबर होतो की चूक हे माणसाला पुन्हा पुन्हा कळायला हवं. आमच्या दुकानातले जुने हमाल हळकुंड हातात मोडून ते किती वाळलं आहे हे सांगत, आणि ते बहुधा खरं निघे. त्यांना दर हंगामात शेकडो वेळा उत्तर मिळालेलं असे. नात्यागोत्याच्या बाबतीत आपल्याला अशी उत्तरं क्वचित मिळतात, आणि मिळतात तेव्हा आपण प्रश्न विसरलेले असतो. वही ही कमतरता भरून काढू शकते. पण त्यासाठी तिने आधी लिहिलं पाहिजे आणि नंतर वाचलं पाहिजे. दुसरा भाग बहुतेक जण गाळतात. मीही गाळला होता.

६

आता माझी वही. रकाने सहा होते : तारीख, प्रश्न, पत्ता, दिसलं ते, पुस्तकातला अर्थ, आणि 'नंतर'. सहावा रकाना जवळपास रिकामाच होता.

मी वही सुरू केली त्याच वर्षी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, गावच्या घराच्या हक्कसोडपत्राची गोष्ट काढली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली, केंद्राच्या कायद्यात २००५ मध्ये. पण कायद्याने दिलेला वाटा बहिणीने सहीने परत करावा, ही अनेक घरांतली रीत आहे. दादाची बाजू अशी, की आई-वडिलांचं शेवटपर्यंत त्याने आणि वहिनीने केलं. ते खरंच आहे. मी दहा महिने या एका गोष्टीवर पत्ते काढत राहिले. एकूण २३ नोंदी.

पेल्यांचा पंजा त्यात तीनदा आला. पहिल्या वेळी मी लिहिलं, की उरलेल्या दोन पेल्यांकडे बघावं, गेलं त्याचा शोक करू नये. म्हणजे सही करावी. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री दादाशी फोनवर वाजलं होतं. तेव्हा मला वेट यांचा अपेक्षेपेक्षा कमी निघालेला वारसा सापडला. म्हणजे सही करू नये. तिसऱ्या वेळी मला पूल दिसला. त्याआधीच्या दोन्ही नोंदींत पुलाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पत्ता तोच होता. आदली रात्र वेगळी होती.

श्रावणात मी सही केली. त्या भाऊबीजेला दादा आला नाही. इतकी वर्षं तो सांगलीला यायचा, वहिनीच्या हातच्या चकल्यांचा डबा घेऊन. मी भाचीला म्हणाले, "मला आधीपासून वाटतच होतं हे असं होणार." ती म्हणाली, "वहीत बघ ना, मावशी."

सहीच्या पंधरा दिवस आधीची नोंद सापडली. पत्ता : पेल्यांचा छक्का. 'दिसलं ते' या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : जुन्या वाड्याच्या अंगणात मोठा मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो आहे. दादा आणि मी. सही केली तर नातं राहील. आतून अगदी स्पष्ट वाटतं आहे.

'अगदी स्पष्ट' हे शब्द मी दोनदा वाचले. मला आधीपासून जे वाटत होतं असं मी शपथेवर सांगितलं असतं, त्याच्या नेमकं उलट मी लिहिलं होतं. वही नसती तर मी उरलेलं आयुष्य स्वतःच्या अंतःप्रेरणेचं कौतुक करत राहिले असते.

भाचीने तेव्हा पत्ता बाहेर काढला. छक्क्याच्या चित्रात डावीकडे, मागे, पाठ फिरवून निघून जाणारा एक माणूस आहे. "बघ," ती म्हणाली, "पत्त्याने सांगितलं होतं. तू पाहिलं नाहीस." क्षणभर मलाही शहारा आला. पण मग हिशेबाची सवय आडवी आली. दादा डबा घेऊन आला असता, तर तोच पाठमोरा माणूस आम्हाला वाड्याचा राखणदार वाटला असता, आणि भाचीने तोही दाखवला असता. घडल्यानंतर चित्रात सापडणाऱ्या गोष्टीला पुरावा म्हणता येत नाही. ती नोंद मागच्या तारखेला घातलेली असते, आणि मागच्या तारखेची नोंद कुठलाही हिशेब तपासनीस मान्य करणार नाही.

मग मी वही खतावून पाहिली. पत्ते सोडून दिले, अर्थ सोडून दिले, आणि केवळ प्रश्नांचा रकाना वरून खाली वाचला. सहीआधीच्या २२ प्रश्नांपैकी १३ दादाविषयी होते : तो रागावेल का, वहिनी काय म्हणेल, येणं-जाणं राहील का. सहा आई-वडिलांविषयी, जे आता उत्तर देऊ शकत नव्हते. तीन पैशांविषयी. तेविसावा प्रश्न सहीनंतर आठ दिवसांनी लिहिलेला होता : मला काय हवं होतं?

दहा महिने रोजनिशी लिहिणाऱ्या बाईने हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला, तोही काम होऊन गेल्यावर. हे मला कुठल्या पत्त्याने सांगितलं नाही. आणि पहिले तेरा प्रश्न मी पत्त्यांना विचारले होते; त्यांतला एकही दादाला विचारला नव्हता.

७

मग पत्त्यांची गरज आहे का? याचं उत्तर शोधताना मला मॅरियन मिल्नर भेटली. या इंग्रज स्त्रीने १९२६ मध्ये एक डायरी सुरू केली. आपल्याला सुख नेमकं कशाने होतं, हे दुसऱ्या कुणाचं न ऐकता, रोजच्या नोंदींतून शोधायचं तिने ठरवलं. त्यातून १९३४ मध्ये जोआना फील्ड या टोपणनावाने 'अ लाइफ ऑफ वन्स ओन' हे पुस्तक आलं. मिल्नर पुढे मनोविश्लेषक झाली. तिच्या पुस्तकाचं मोठेपण यात आहे, की ती आपल्याच जुन्या नोंदींवर संशय घेत पुढे जाते. आपल्याला जे हवं असं ती समजत होती आणि नोंदींतून जे पुढे येत होतं, त्यांचं जमत नाही हे ती मान्य करते आणि तिथून पुढे विचार करते. तिच्या हातात टॅरो नव्हता. स्वतःच्या लिहिण्याचा ताळा घेण्याची तयारी होती. आत्मपरीक्षणाच्या वहीचा आदर्श म्हणून मी टॅरोवरच्या कुठल्याही पुस्तकाआधी हे पुस्तक पुढे करीन.

तरीही पत्ता अगदीच फुकट नाही. कोऱ्या पानासमोर बसलेला माणूस रोज तेच लिहितो. पत्ता त्याला अनपेक्षित ठिकाणी सुरुवात करायला लावतो. पूल दिसला नसता तर कदाचित मी पुलाचा विचारच केला नसता. एवढं श्रेय पामेला स्मिथच्या चित्रांना दिलं पाहिजे. सुरुवात करून देण्यापुरतं.

आजोळी देवळात कौल लावतात ते मी लहानपणी अनेकदा पाहिलं. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली पाकळी आधी पडते यावर उजवा कौल की डावा हे ठरतं. पाकळी पडण्यात ज्ञान आहे असं मी मानत नाही. पण त्या प्रथेतली एक गोष्ट मला आता या अभ्यासानंतर उमगली. कौल मागणाऱ्याला आपला प्रश्न मोठ्याने, मानकऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या समोर मांडावा लागतो. पुढच्या वर्षी त्याला 'मी असं विचारलंच नव्हतं' म्हणता येत नाही. तिथे साक्षीदार असतात. टॅरोचा पत्ता आपण एकटे, दार लावून काढतो. साक्षीला कुणी नसतं. ते काम वहीने करायचं असतं, आणि साक्षीदाराची उलटतपासणी केली नाही तर त्याच्या साक्षीला किंमत राहत नाही.

म्हणून ज्यांना ही रोजनिशी लिहायची आहे त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. शाईने लिहा. पुस्तक उघडण्याआधी लिहा. काय होईल असं वाटतं, तेही स्पष्ट लिहा; खोटं ठरू शकेल इतकं स्पष्ट. महिन्यातून एकदा सहावा रकाना भरा, आणि चुकलेल्या नोंदी लाल शाईने खुणा करा. वर्षाच्या शेवटी फक्त प्रश्न वाचा. एखादा प्रश्न जिवंत माणसाबद्दल असेल, तर तो त्या माणसाला विचारून बघा.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी नवी वही पुजणार आहे आणि जुनी तिच्या शेजारी ठेवणार आहे, छक्क्याच्या त्या नोंदीसकट. भाऊबीजेला या वेळी मीच गावी जाणार आहे. दादाला तसं कळवलं आहे. तो "बरं" एवढंच म्हणाला. तिथे काय होईल यावर मी पत्ता काढलेला नाही. माझा अंदाज मात्र वहीत लिहून ठेवला आहे, तारखेसह.